वरच्या दातांवरची रेघ

९ फेब्रुवारी

भिंगरीच्या वरच्या दातांवर रेघ सापडली.

बालवाडीत आज दात तपासायला एक बाई आल्या होत्या. मुलं त्यांना दातताई म्हणतात आणि त्याही त्याच नावाला ओ देतात. मला वाटलं होतं, खुर्ची असेल, डोळे दिपवणारा दिवा असेल आणि आमची लेक किंचाळून बालवाडी डोक्यावर घेईल. तसं काहीच नव्हतं. समोरासमोर दोन बुटकी स्टुलं, एकावर त्या, एकावर मी, गुडघ्याला गुडघे टेकलेले. भिंगरीला माझ्याकडे तोंड करून मांडीवर बसवलं आणि हळूच मागे आडवं केलं. पाय माझ्या कमरेभोवती, डोकं दातताईंच्या मांडीत. "आता आईने दोन्ही हात धरायचे, म्हणजे तपासताना मध्ये हात येत नाहीत," त्या म्हणाल्या. साडेतीन वर्षांची पोर दोघींच्या मांड्यांचा पलंग करून छताकडे बघत निवांत पडली. घाम मला फुटला होता.

त्यांनी बोटाने तिचा वरचा ओठ उचलला.

"ही रेघ दिसते का? हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी?"

दिसली. पुढच्या चारही दातांवर होती. रोज दोन वेळा मी त्या तोंडात ब्रश फिरवते, पण ओठ असा उचलून कधी पाहिलाच नव्हता.

"ही कीड आहे?"

"किडीच्या आधीची पायरी. आत्ता अडवली तर इथूनच माघारी फिरते."

"आणि नाही अडवली तर?"

"मग रंग बदलतो, मग भोक पडतं. एवढी लहान मुलं खुर्चीत बसून काम करू देत नाहीत हो. कधीकधी इस्पितळात भूल देऊन दात काढावे लागतात."

भूल म्हटल्यावर पुढचं मला धड ऐकू आलं नाही. मग त्यांनी घरच्या सवयी विचारल्या. रात्री दुधाची बाटली? वर्षापूर्वीच सोडवली. ब्रश कोण करतं? मी, सकाळ-संध्याकाळ. गोड काय काय खाते? काहीही नाही, साखरेचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे, तिथे नवऱ्याचासुद्धा हात पोचत नाही. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "घरात कोणाचे दात लहानपणी गेलेत का? आईचे, बाबांचे?"

मी नाही म्हणाले. म्हणताना खोकल्यासारखं करून तोंडावर हात घेतला. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं वाटलं.

धोका जास्त आहे, असं त्यांनी सांगितलं. दातांवर कसलासा लेप लावला, ब्रश कसा धरायचा ते माझ्या हाताला धरून शिकवलं, आणि घरी येऊन एकदा सगळं बघते म्हणाल्या. पुन्हा तपासणी मे महिन्यात.

१० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आजूबाजूला डबे वाजताहेत, त्यामुळे कोणी विचारत नाही काय लिहितेस म्हणून.

माझे वरचे चार दात माझे नाहीत. शाळा संपायच्या आत ते गेले आणि तिथे कवळी बसली. कवळी बसायच्या आधीची दोन वर्षं मी बोळकी या नावाने काढली. बोळकी उत्तर दे, बोळकी गाणं म्हण. मी गाणं सोडलं. आता कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकते. लोक म्हणतात, तुमचा आवाज काय गोड आहे. आवाजाला दात लागत नाहीत, हे बरं आहे.

भिंगरीने मला कवळीशिवाय कधी पाहिलेलं नाही. ती झोपल्यावरच काढते.

नवऱ्याला फोन केला. तो लिफ्ट बसवायच्या कामावर दुसऱ्या गावी आहे. म्हणाला, "दुधाचेच दात ना? पडणारच आहेत की." मी म्हटलं, तुझे केसही पडणारच आहेत, मग तेल कशाला थापतोस? त्यावर त्याने हसून फोन ठेवला. भीती मात्र माझ्याकडेच राहिली.

१३ फेब्रुवारी

आता आमचा संध्याकाळचा क्रम ठरला आहे. जेवण, मग आरशासमोर ओठ उचलून ब्रश, पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, थुंकायचं पण चूळ भरायची नाही. मग चमचाभर गुलाबी औषध, मग गोष्ट, मग झोप. औषध हिवाळ्यातल्या खोकल्याचं आहे. खोकला गेला, पण परतायला नको म्हणून मी ते चालूच ठेवलंय. ब्रशला दाताच्या कण्या कराव्या लागतात, औषधाला मात्र स्वतःहून तोंड उघडते माझी शहाणी बाळ.

ती रेघ आली कुठून? मी दिवसभर बाहेर. घरी असतात सासूबाई. मला त्यांच्याबद्दल वाईट विचार करायचा नाही, पण करतेय. त्यांना जेवणावर गुळाचा खडा लागतो. आज बालवाडीतून आल्यावर भिंगरीचे हात हुंगले. साबणाचाच वास आला. सासूबाई दारातून बघत होत्या. मी वळले तशा आत गेल्या, त्यामुळे संशय आणखी वाढला.

१७ फेब्रुवारी

ऑफिसात माझ्या शेजारी बसते तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण बंद करायचं बटण नाही. ती म्हणाली, दात किडवणारे जंतू आईच्या तोंडातून मुलाच्या तोंडात जातात. एकाच चमच्याने भरवलं, फुंकर घातली, तोंडाची पापी घेतली की झालं काम.

म्हणजे सासूबाईंचा गूळ नव्हे. मीच. मीच दिलं तिला माझं तोंड.

आजपासून तिचा चमचा वेगळा, पेला वेगळा. भात गरम असला तर पंख्याखाली धरते. पापी बंद.

१९ फेब्रुवारी

"आई, पापी."

"उद्या हं."

"काल पण उद्या म्हणालीस."

तिने मग बाहुलीचीच पापी घेतली, माझ्याकडे बघत बघत. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

२४ फेब्रुवारी

नवीनच सुरू झालंय. भिंगरी मध्येच तळहात तोंडावर दाबते. घट्ट. डोळे बारीक होतात, खांदे हलतात, मग हात काढते. नीट आठवलं तर हे बऱ्याच दिवसांपासून चाललंय, माझंच लक्ष नव्हतं.

दुखतंय तिला. दातातून कळ जात असणार, म्हणून ती हाताने दाबून धरते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण हे मनातलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. "दुखतं का राणी?" विचारलं की मान हलवते, नाही म्हणून. मीही लहानपणी नाहीच म्हणायचे. हो म्हटलं की दात काढायला नेतील, हे मला माहीत होतं.

२७ फेब्रुवारी

आमच्या कामात गिऱ्हाइकाला ठरलेले प्रश्न विचारतात. आवाज कधी येतो? सतत की मधूनमधून? त्या आधी काय केलं होतं? उत्तरं जुळवली की बिघाड सापडतो. तेच इथे करायचं ठरवलं. भिंगरीने हात कधी दाबला, ते मी टिपून ठेवतेय.

साबणाचा फुगा सासूबाईंच्या नाकावर फुटला तेव्हा.

बाबाने फोनवर बोकडाचा आवाज काढला तेव्हा.

मी उलटा स्वेटर घालून कामाला निघाले होते, ते तिच्या लक्षात आलं तेव्हा.

गंमत म्हणजे जेवताना एकदाही नाही. गाजर कडाकडा चावते. म्हणजे चावल्याने कळ येत नाही, गार हवा लागून येत असावी. फुगे खेळताना खिडकी उघडी होती. फोनच्या वेळी पंखा होता. स्वेटरच्या वेळी दार उघडं होतं. सगळं जुळतंय आणि मला ते जुळायला नको आहे.

खिडक्या लावून घेतल्या.

५ मार्च

सासूबाई आणि माझं वाजलं.

मी त्यांना म्हटलं, "आई, तिला उघड्यावर खेळवू नका. दाताला वारा लागतो."

"दाताला वारा!" त्या म्हणाल्या. "अगं, पोरगी तुझं बघून करते ते. लेकरू आईचंच उचलतं."

माझं डोकंच फिरलं. माझ्या दातांवरून बोलायची ही वेळ? लग्नाच्या आधी माझ्या कवळीबद्दल त्यांना सगळं सांगितलं होतं, तेव्हा म्हणाल्या होत्या की आमच्या घरात हा विषय निघणार नाही. आज काढला. मी म्हटलं, "हो, माझ्यामुळेच झालंय, माहितेय मला. पुन्हा ऐकवू नका." त्या "अगं मी काय म्हणतेय..." म्हणत राहिल्या आणि मी चप्पल घालून निघाले.

बसमध्ये दातओठ खात बसले. म्हणजे ओठ माझे आणि दात दुकानातले. एवढ्या संतापातही हे सुचलं आणि हसू आलं, तर समोरच्या बाईला वाटलं मला उलटी होतेय. तोंडावर हात होता ना. तिने पिशवी पुढे केली.

१२ मार्च

दातताई घरी आल्या. आल्या आल्या ब्रश बघितला, पेस्ट बघितली, भिंगरीला माझ्याकडून ब्रश करवून घेताना बघितलं. "छान," म्हणाल्या. "इतकं छान चाललंय तर रेघ यायला नको होती. मला सांगा, रात्री झोपण्याआधी शेवटचं तोंडात काय जातं?"

"पाणी," मी म्हटलं.

"आणि ते गुलाबी औषध?" सासूबाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या. मान वरसुद्धा केली नाही.

"ते औषध आहे, आई. खाऊ नाही."

"मी चाटून पाहिलंय. पाक आहे नुसता."

दातताईंनी बाटली मागितली. मागच्या बाजूचं बारीक अक्षर खिडकीशी नेऊन वाचलं. मग मला जवळ बोलावलं आणि बोट ठेवलं. साखर औषधाच्याही आधी लिहिलेली होती.

"ब्रश आधी की हे आधी?"

"ब्रश आधी," मी म्हटलं. "मग हे. मग ती झोपते."

"रात्री तोंडात लाळ कमी असते. हे तसंच दातांवर चिकटून राहतं, सकाळपर्यंत." त्या अगदी मऊ बोलत होत्या. "पुष्कळ घरांत होतं हे. औषधाला कोणी गोड म्हणत नाही ना."

मी सासूबाईंकडे पाहूच शकले नाही. महिन्यापूर्वी मी त्यांच्या नातीचे हात हुंगले होते आणि त्या ते बघत होत्या. माझ्या हाताने, रोज, ब्रश झाल्यावर, शहाणी बाळ म्हणत म्हणत. गूळ खाणारीवर आळ घेतला आणि पाक पाजणारी मी.

जाताना दातताईंना पापीचं विचारलं. त्या म्हणाल्या, गालाची घ्या, कपाळाची घ्या, चमचा वेगळा ठेवा, पण पोरीला उपाशी ठेवू नका. मी म्हटलं, जेवते हो ती व्यवस्थित. त्या म्हणाल्या, त्या उपाशीबद्दल नाही बोलले मी.

१३ मार्च

मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अजून देताय? ते आठवडाभराचं होतं." बाटली मोरीत उपडी केली.

सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आपलेच दात अन् आपलेच ओठ. चावले तर कोणाला सांगायचं?" आणि मला चहा दिला. साखर घातली होती, मुद्दाम दोन चमचे, मला ठाऊक आहे. गुपचूप प्यायले.

भिंगरीच्या दोन्ही गालांची पापी घेतली. तिने लगेच तोंडावर हात दाबला.

वेळ निघून गेलीय का? आता औषध थांबवून काय उपयोग, कळ तर अजून येतेच आहे.

८ एप्रिल

कामावर लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाला मशीनऐवजी विचारलं, "दुखतं का सतत?" ते म्हणाले, "बाई, मला की मशीनला?" रेडिओ एवढी हसली की तिचा हेडसेट पडला. मलाही हसू आवरेना. ती म्हणाली, "इथे तुला कोण बघतंय? तरी हसलीस की हात तोंडावर. तुला कोणाची चोरी आहे गं?"

त्या गिऱ्हाइकाचं मशीन थडथडत होतं. सगळे प्रश्न विचारल्यावर निघालं की मशीन ठणठणीत आहे, खालची फरशी वाकडी आहे. असं आठवड्याला एकतरी निघतं. माणसं मशीन उघडून बसतात, ते कशावर उभं आहे ते बघत नाहीत.

२१ एप्रिल

परवा स्वप्नात भिंगरीला चाकाच्या खाटेवरून नेत होते. तोंडावर भुलीचा मुखवटा आणि मुखवट्यावर तिचा तळहात. मी ओरडतेय आणि माझी कवळी खाली पडलीय.

तेव्हापासून दिवसाउजेडीही तेच दिसतं. आज तिला मांडीवर घेऊन ओठ उचलून इतका वेळ बघत बसले की ती म्हणाली, "आई, सोड ना. तू रोज रोज तेच बघते." खरंय. दोन महिने मी तिच्या चेहऱ्यातला दातांखेरीज दुसरा भाग पाहिलेला नाही.

मे महिन्याची वाट बघवत नाही. दातताईंना फोन करून तपासणी अलीकडे मागून घेतली. "कळ येते तिला, मी बघते ना," म्हटलं. त्या म्हणाल्या, उद्याच या.

२२ एप्रिल

हे सावकाश लिहायचं आहे. आज सुट्टी टाकली आहे आणि घरात उजेड आहे.

दातताईंची खोली साधीच आहे. तीच दोन स्टुलं, भिंतीवर मगरीचं चित्र, मगरीचे सगळे दात पांढरेशुभ्र. गुडघ्याला गुडघे लावले, भिंगरीला आडवं केलं, हात धरले. त्यांनी ओठ उचलला. मी डोळे मिटले.

"बघा," त्या म्हणाल्या. "उघडा डोळे. रेघ थांबलीय. खडूसारखी होती ना, आता चकचकीत झालीय. म्हणजे दात घट्ट होतोय. कुठेही भोक नाही."

"नीट बघा," मी म्हटलं. "आत असेल. मागे असेल. कळ येते तिला."

त्यांनी सगळे दात एकेक करून पाहिले. आरसा घालून मागूनही पाहिले. "काही नाही. ही कळ कधी येते म्हणालात?"

मी टिपलेलं सगळं सांगितलं. साबणाचा फुगा, बोकड, उलटा स्वेटर. थडथडत्या मशीनवाल्या गिऱ्हाइकाची गोष्ट घरी सांगितली तेव्हा. आजीने चष्मा लावूनच चष्मा शोधला तेव्हा. मी सांगत होते आणि दातताईंचा चेहरा बदलत होता. मला वाटलं, काहीतरी भयंकर सापडलंय. माझी दातखीळ बसायची वेळ आली.

त्या एवढंच म्हणाल्या, "भिंगरी, आता आईला झोपवू या का? तू आईचे हात धरशील?"

"मला कशाला?" मी म्हटलं.

"तुमचेही बघायला हवेत. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

त्यांना कळलं होतं तर, पहिल्याच दिवशी. मी उठून जाणार होते, खरं सांगते, पर्स हातात घेतली होती. पण भिंगरी माझ्या स्टुलावर चढून बसली होती, दोन्ही हात पुढे करून, गंभीर चेहऱ्याने. तिच्यासमोर पळायचं कसं? दातताई खाली सतरंजीवर बसल्या आणि मी आडवी झाले. डोकं दातताईंच्या मांडीत. इतक्या वर्षांत माझं डोकं कोणाच्या मांडीत नव्हतं. भिंगरी उतरून माझ्या पोटावर बसली आणि माझे हात धरले. तिच्या मुठीत माझी दोन-दोन बोटंच मावत होती, पण पकड पक्की.

दातताईंनी ओठ उचलला. "काढू?" त्यांनी हळूच विचारलं. मी डोळ्यांनीच हो म्हटलं. कवळी निघाली. त्या जागेला हवा लागली. माझ्या लेकीचा चेहरा माझ्या तोंडावर वाकला आणि मी मनाची तयारी केली. आता ओरडेल. आता रडेल. आता म्हणेल, बोळकी.

भिंगरीने बराच वेळ आत पाहिलं. मग दातताईंचाच आवाज काढून म्हणाली, "घाबरू नका हं. रात्री बाटली पिता का? खरं सांगा."

मला हसू फुटलं. पोटातून, आवरता न येणारं. माझा हात निघाला तोंडाकडे, आणि तिने तो सोडला नाही. ओढला, तरी सोडला नाही. मी तशीच हसले, उघडी, चार दातांच्या खिंडारासकट, छताकडे तोंड करून. आणि माझ्या पोटावर बसलेली ती हसायला लागली. तिचेही दोन्ही हात माझ्या हातांत अडकले होते. तिचे सगळे दात दिसले मला, खालचे, वरचे, मागच्या दाढासुद्धा, आणि पहिल्यांदाच मी त्यातला एकही तपासला नाही.

हसता हसता मला फुगा आठवला. बोकड आठवला. स्वेटर आठवला. त्या प्रत्येक वेळी मीही तिथेच होते, मीही हसत होते.

सासूबाईंना घरी आल्यावर म्हटलं, तुम्ही त्या दिवशी सांगत होतात ते मला आज कळलं. त्या म्हणाल्या, "मी दातांचं कधी बोलले होते?"

२३ एप्रिल

भीती गेली म्हणणार नाही. रेघ पुन्हा खडूसारखी होऊ शकते, दातताईंनी बजावलंय. माझ्या खालच्या दोन दातांतही कीड निघाली आहे, पुढच्या आठवड्यात मला खरोखरीच्या खुर्चीत बसायचं आहे. आत्तापासून तळव्यांना घाम येतोय. भिंगरी म्हणाली, ती हात धरायला येणार.

सकाळी न्हाणीघरात आम्ही दोघी आरशासमोर होतो, माझी कवळी पेल्यात. तिच्या नाकाला पेस्ट लागली आणि मला हसू आलं. सवयीने माझा हात तोंडावर गेला. आरशात पाहिलं तर तिचाही गेला होता.

मी हात खाली घेतला. तिनेही घेतला.